डावीकडची दोन पेडलं

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत डावीकडे बसणाऱ्याच्या पायाशीही दोन पेडलं असतात. एक क्लचचं, एक ब्रेकचं. शिकणाऱ्याने घोळ घातला की शिकवणाऱ्याने ती दाबायची आणि दोघांचा जीव वाचवायचा. बाहेरच्यांना वाटतं, अर्धी गाडी आमच्या ताब्यात असते. तसं नाही. ॲक्सिलरेटर आमच्या बाजूला नसतो. गाडी थांबवणं माझ्या पायात आहे, पुढे नेणं नाही. मी पंचविसेक वर्षं त्या डाव्या सीटवर बसले आणि एवढी साधी गोष्ट मला पुरती कळली ती अगदी निवृत्तीच्या तोंडावर, मंगल कांबळे नावाच्या बाईमुळे. तिचीच गोष्ट सांगायची आहे. पण आधी थोडं धंद्याबद्दल सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल बाई नुसती फुशारकी मारतेय. थोडी मारणारच आहे, ते वेगळं.

मी शैला सावंत, राहणार घोडपदेव. लालबागला परबकाकांचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. स्कूल म्हणजे एक गाळा, एक पंखा, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा पिवळा पडलेला तक्ता आणि बाहेर दोन गाड्या. मी तिथेच गाडी शिकले आणि शिकून झाल्यावर तिथेच चिकटले, कारण आजूबाजूच्या बायका ‘मॅडम शिकवणार असतील तर येतो’ म्हणायला लागल्या होत्या. अठरा-वीसची मुलं काका स्वतः घेत. चाळिशी उलटलेलं कोणी आलं, बाई असो की बाप्या, की माझ्याकडे ढकलत. “ही तुझी गिऱ्हाइकां,” म्हणत. काका मालवणकडचे. त्यांचं या बाबतीत एक ठरलेलं तत्त्वज्ञान होतं आणि ते नव्या गिऱ्हाइकाच्या तोंडावर ऐकवायलाही त्यांना काही वाटत नसे. “माणूस म्हणजे सिमेंट गो. ओला आसा तवसर काय तो आकार दी. सुकला काय खलास. मगे फक्त भेगा पडतत.”

मला हे कधीच पटलं नाही. मी स्वतः पस्तिशी उलटून गेल्यावर स्टिअरिंगला पहिल्यांदा हात लावला होता. काकांच्या हिशेबाने मी येतानाच जवळजवळ सुकलेली होते. त्यामुळे वयस्क माणसाला गाडी शिकवून दाखवणं ही माझी नोकरी होतीच, पण तो माझा हट्टही होता.

आमच्या स्कूलची एक रीत आहे. आरटीओच्या परीक्षेआधीच्या शेवटच्या तासाला शिकवणारा चपला काढतो, पाय वर घेतो आणि सीटवर चक्क मांडी घालून बसतो. बोलायचं काही नाही. विद्यार्थ्याला आपोआप कळतं की आता वाचवायला कोणी नाही. तरुण पोरं खूश होतात, गाडी दामटतात. मोठ्या माणसांना मात्र घाम फुटतो. दादरच्या एका बाईंनी तर गाडी कडेला घेऊन मला हात जोडले होते, “अहो, पाय खाली ठेवा ना, मला भीती वाटते.” कधी वयस्क माणूस काकांच्या वाट्याला आलाच, तर ते मांडी घालत नसत. “माझे पाय माका अजून होये आसत,” म्हणत. मी सगळ्यांसाठी घालायचे. काही वेळा देवाचं नाव घेऊन घालायचे, पण घालायचे.

लोक विचारतात, मोठ्या माणसाला शिकवणं इतकं अवघड का? तर अठराचं पोर गाडीत एकटं बसतं. मोठा माणूस आपला सगळा संसार घेऊन बसतो. गिरगावातले एक निवृत्त गणिताचे शिक्षक आले होते. क्लच दाबल्यावर आत नेमकं काय होतं, हे समजल्याशिवाय ते गिअर टाकायला तयार नाहीत. मी म्हटलं, “सर, आधी दाबा, मग सांगते.” ते म्हणाले, “बाई, सूत्र समजल्याशिवाय मी आयुष्यात कधी उत्तर काढलेलं नाही.” आमच्या मागे हातगाडीवाला, त्याच्यामागे टेम्पो, सगळे ओरडतायत आणि हे भर गल्लीत गाडी बंद करून मला प्रश्न विचारतायत. शेवटी मी दोन स्टीलच्या ताटल्या घेऊन गेले, एकीवर एक घासून क्लच समजावला. त्यानंतर त्यांनी एकदाही झटका मारला नाही. फक्त रस्त्यावरच्या इतर ड्रायव्हरांना मार्क देत बसायचे. “या टॅक्सीवाल्याला शंभरपैकी बारा. तेसुद्धा अक्षर चांगलं म्हणून.”

सगळेच असे गमतीत गेले नाहीत. एक बाई होत्या, चांगल्या चालवत होत्या. पण त्यांचे यजमान रोज मागच्या सीटवर येऊन बसायचे. बोलायचे काही नाहीत, नुसते “च्च” करायचे. बाईंचं काही चुकलं की “च्च.” नाही चुकलं तरी वळण आलं की आधीच “च्च.” घरी वीस-पंचवीस वर्षं हाच आवाज ऐकत असणार त्या. गाडीतून तो आला की बाईंचे हात जागच्या जागी ढिले पडायचे. एक दिवस त्या यायच्या बंद झाल्या. त्यांना मी वाचवू शकले नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून मी एक नियम केला. मागच्या सीटवर नातेवाईक चालणार नाही, मग तो देवमाणूस का असेना. माणूस बदलायला कधीकधी तयार असतो, पण घरच्यांना त्याची जुनी सवय झालेली असते.

मंगलताई आल्या त्या पावसाळ्यात. वय पन्नाशीच्या आसपास, अंगात साधी कॉटनची साडी, हातातली छत्री दाराबाहेर उलटी करून ठेवलेली. गाळ्यात शिरायला तीन पायऱ्या आहेत. मी बाहेर पडत होते आणि एक पोरगं आत येत होतं. या बाई भिंतीला पाठ लावून उभ्या. मी गेले, पोरगं गेलं, चहावाला येऊन गेला, मगच त्या आत आल्या. बसल्या त्यासुद्धा खुर्चीच्या कडेवर.

“जय भीम मॅडम. गाडी शिकायची आहे. दिवाळीपर्यंत आली पाहिजे.”

काकांनी पंख्याखालून मान वर केली. “दिवाळीक फटाके वाजवा बाई. गाडी कित्या?”

तेव्हा त्यांनी सांगितलं. राहायला वरळीला बीडीडी चाळीत, तळमजल्यावर. नोकरी परळच्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात, कपडे खात्यात. म्हणजे धुऊन आलेल्या चादरी, गाऊन ट्रॉलीवर लादून वॉर्डावॉर्डात पोचवायचे. मुलगा सुमेध, चोवीस-पंचवीसचा. त्याच्या पायांत लहानपणापासून जोर नाही, व्हीलचेअर लागते. पण पोरगं हुशार, शिकलं, करी रोडजवळच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरवर नोकरीला लागलं. नवरा दिलीप टॅक्सी चालवायचा. पुढे त्याने टॅक्सी विकून एक जुनी छोटी व्हॅन घेतली, तिची मागची सीट सरकवून व्हीलचेअर बसेल अशी जागा केली. सकाळी पोराला सोडायचं, मधल्या वेळात भाडी मारायची, संध्याकाळी पोराला आणायचं. त्या उन्हाळ्यात दिलीपला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, काठी घेऊन चालतो, पण उजवा हात आणि पाय गेले ते गेले.

“सायबांनी सुमेधला सध्या घरून काम करायला दिलंय. पण दिवाळीनंतर ऑफिसला यावंच लागेल म्हणाले. टॅक्सीवाले खुर्ची बघितली की काच वर करतात. एखादा दिवस कोणी नेईल. रोज कोण नेणार? नोकरी गेली तर तो परत खिडकीशी बसणार, मॅडम. पाच वर्षं बसला होता. ते मी परत बघणार नाही.”

शेवटचं वाक्य त्यांनी त्याच हळू आवाजात म्हटलं, पण म्हणताना पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. बिनगिअरची गाडी शिका, सोपं पडेल, असं सुचवायचं माझ्या ओठांवर होतं. पण दारात उभी असलेली व्हॅन गिअरची. तेव्हा गिअर तर गिअर.

पहिल्या आठवड्यातच मला कळलं की ही बाई हुशार आहे आणि आपण फसलो आहोत. गिअर, क्लच, वळण, आरसे, सगळं एकदा सांगितलं की डोक्यात पक्कं. तीन पेडलांवर पाय असे पडायचे की मी काकांना बोलवून दाखवावं. पण रस्त्यावर दुसरा कोणी दिसला की बाई थांबल्याच. रिकाम्या गल्लीत छान, आणि लालबाग नाक्याला आलो की ठप्प. हातगाडी दिसली, थांब. सायकल दिसली, थांब. फुटपाथवरचा माणूस नुसता रस्त्याकडे बघतोय, त्याला उतरायचंही नाही, तरी थांब. मागून हॉर्नचा नुसता कल्ला. आणि या खिडकीतून मान काढून मागच्यांना म्हणायच्या, “सॉरी हां भाऊ. तुम्ही जा.”

आता माझी अडचण बघा. आयुष्यभर मी जोरात जाणाऱ्यांना आवरलं. त्यासाठीच तर माझ्याकडे ब्रेक होता. या बाईसमोर माझी दोन्ही पेडलं कुचकामी. थांबणाऱ्या माणसाला पुढे ढकलायचं पेडल कंपनीने डावीकडे दिलेलंच नाही.

दिलीपना मी पहिल्यांदा भेटले ते बाईंना घरी सोडायला गेले होते तेव्हा. खाटेवर बसून होते, उशाशी गाडीची किल्ली. मला म्हणाले, “मॅडम, कशाला त्रास घेता? पंचवीस वर्षं बघतोय हिला. दारातून जाताना मांजर आडवं आलं तर ही मांजराला म्हणते, जा बाई, तू आधी जा. ही काय मुंबईत गाडी चालवणार?”

मंगलताई हसल्या. मलाही हसू आलं, खोटं कशाला सांगू. पण कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसलेला सुमेध हसला नाही. तो म्हणाला, “पप्पा, मांजराला जाऊ दिल्यावर ती पण जातेच ना आतमध्ये? का रात्रभर दारातच उभी राहते?”

ते बोलणं तेव्हा मी कानावरून जाऊ दिलं. पोरगं आईची बाजू घेतंय, इतकंच वाटलं.

परीक्षेच्या दिवशी व्हायचं तेच झालं. मी मागे बसले होते. बाईंच्या शेजारी बसलेल्या आरटीओच्या साहेबांनी गाडी सुरू करायला लावली, गिअर बघितले, रिव्हर्स बघितला, मान हलवली. मग म्हणाले, चला रस्त्यावर. रस्त्यावर समोरून दुसऱ्या स्कूलची गाडी आली, त्यांना रस्ता दिला. मग एक रिकामा हातगाडा, त्याला दिला. मग कुत्रं. कुत्रं बसलेलंच होतं, ते काही उठेना, बाई त्याच्या उठण्याची वाट बघत राहिल्या. साहेब शांतपणे म्हणाले, “बाई, तुम्ही सगळ्यांना रस्ता देताय. स्वतः वापरत नाही आहात. पुन्हा परीक्षेला या.”

परतताना मी त्यांना उतरवलं तेव्हा म्हणाल्या, “घरी आता काय सांगू?” मी म्हटलं, “सांगा, शैला सावंत अजून थकलेली नाही.” मोठ्या तोऱ्यात म्हटलं, पण आतून मी चांगलीच हबकले होते. गाळ्यात काकांनी तक्त्याकडे बघत नुसतं विचारलं, “सुकला?”

मग मी चंग बांधला की या बाईला धीट करायचं. तिचा स्वभावच बदलून टाकायचा. रोज गाडीत बसलं की माझा दांडपट्टा सुरू. हॉर्न वाजवा! नाक घाला पुढे! घुसा! जग तुमच्यासाठी थांबणार नाही! त्या बिचाऱ्या हो-हो म्हणायच्या आणि हॉर्नही असा वाजवायच्या जसं शेजाऱ्याचं दार वाजवतोय. एक दिवस नाक्यावर दोन बसच्या मधे जागा झाली आणि मी ओरडले, “घुसा!” गाडी एकदम सुसाट सुटली. मी खूश होऊन त्यांच्याकडे पाहिलं, तर बाईंचे डोळे घट्ट मिटलेले. माझा पाय ब्रेकवर कसा पडला माझं मला कळलं नाही. गाडी बसच्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर थांबली. बाईंनी डोळे उघडले. मग त्या म्हणाल्या, “तुम्ही घुसा म्हणालात, ताई. उघड्या डोळ्यांनी मला ते जमलं नसतं.”

त्या दिवसापासून त्या मला मॅडमऐवजी ताई म्हणायला लागल्या. पण मला मात्र झोप लागेना. बाईंच्या अंगात दुसरीच बाई घालायला मी निघाले होते आणि ती दुसरी बाई आंधळी निघाली.

पुढच्याच आठवड्यात माझ्या नणंदेला घेऊन मी त्याच रुग्णालयात गेले. क्ष-किरणाच्या खोलीबाहेर ही रांग. मी बाकावर बसले होते. तो कॉरिडॉर तुम्ही पाहिला नसेल तर सांगते, आमचा लालबाग नाका त्यापुढे काहीच नाही. स्ट्रेचर, चाकाच्या खुर्च्या, डबे घेऊन आलेले नातेवाईक, मधेच पळणारी पोरं, फायली घेऊन धावणारे डॉक्टर. आणि त्या गर्दीतून एक ट्रॉली आली, चादरींचा ढीग ढकलणाऱ्या बाईच्या डोक्याच्या वर. ढकलणारी बाई दिसतच नव्हती. कडेने डोकावणारा चेहरा दिसला तेव्हा कळलं, या तर मंगलताई.

मी हाक मारणार होते, पण मारली नाही. बघत राहिले. ट्रॉली थांबत नव्हती. कोणाला लागत नव्हती, आणि थांबतही नव्हती. समोरून स्ट्रेचर येताना दिसलं की त्या लांबूनच चाल कमी करत. स्ट्रेचर निघून गेलं की त्यानेच मोकळी केलेली जागा घेत. म्हातारबाबा वळणार आहेत हे त्यांना त्यांच्या आधी कळत होतं. त्या सगळ्यांना रस्ता देत होत्या, अगदी मांजराला देतात तसा, आणि देत देत पूर्ण कॉरिडॉर पार करून वॉर्डात शिरल्यादेखील. मला सुमेधचं बोलणं आठवलं. मांजराला जाऊ दिल्यावर ती पण जातेच ना?

त्या परत आल्या तेव्हा मी ट्रॉलीसमोर उभी राहिले. “मंगलताई, किती वर्षं ढकलताय ही?”

“अगंबाई, ताई तुम्ही? लग्नानंतर लागले तेव्हापासून.”

“कोणाला लागली कधी?”

“छे! आजारी माणसं असतात.”

“मग गर्दी आली की थांबता का?”

त्या जरा विचारात पडल्या. त्यांना कोणी हे कधी विचारलंच नसणार. “थांबून कसं चालेल? भरलेली ट्रॉली एकदा थांबली की परत उचलायला कंबर मोडते. लांबूनच बघायचं आणि हळू व्हायचं. पोचेपर्यंत जागा होते.”

“गाडी अशीच चालवायची,” मी म्हटलं. “अगदी अशीच. उद्यापासून हॉर्न नाही, घुसणं नाही, सॉरी नाही. चादरी भरल्यात असं समजा.”

दुसऱ्या दिवशी मी तोंडाला कुलूप लावलं. मला ते किती जड गेलं, हे माझ्या घरच्यांना विचारा. बाईंनी गाडी काढली. नाक्याला आल्या. टेम्पो वळत होता. पूर्वी त्या टेम्पोच्या तोंडाशी जाऊन दाबून थांबल्या असत्या. आज त्यांनी लांबूनच पाय सैल केला, गिअर खाली घेतला, टेम्पो वळला आणि आमची गाडी त्याच्या मागच्या मोकळ्या जागेतून निघून गेली. थांबली नाही. बाईंनी माझ्याकडे बघितलं. “झालं?” म्हणाल्या. मी म्हटलं, “पुढे बघा.”

एकच गोष्ट ट्रॉलीत नव्हती, ती म्हणजे चढ. पुलाच्या चढावर गाडी थांबली की परत उचलायची हे नवशिक्यांचं मरण. क्लच हळूहळू इतकाच सोडायचा की गाडीचं नाक किंचित उठतं. तिथे तो धरून ठेवायचा, मग ब्रेक सोडायचा आणि ॲक्सिलरेटर द्यायचा. जरा चुकलं की गाडी मागे घरंगळते, आणि मुंबईत मागे नेहमी कोणीतरी नाक लावून उभं असतंच. व्हॅनच्या रोजच्या वाटेवर डिलाईल रोडचा पूल होता, तेव्हा यातून सुटका नव्हती. आम्ही त्या पुलावर इतक्या वेळा गेलो की खालचा पानवाला मला विचारायला लागला, “मॅडम, पूल विकत घेताय का?” बाईंनी गाडी किती वेळा बंद पाडली ते विचारू नका. पण दर वेळी त्या पुन्हा चावी फिरवायच्या. रडल्या नाहीत, चिडल्या नाहीत, उद्या करू म्हणाल्या नाहीत. ही चिकाटी मी शिकवलेली नव्हती. ती त्या घेऊनच आल्या होत्या.

शेवटच्या तासाला मी चपला काढल्या आणि मांडी घातली. मंगलताईंनी तिरप्या नजरेने पाहिलं आणि गाडी काढली. दुसऱ्या परीक्षेला तेच साहेब होते. गाडीतून उतरता उतरता त्यांनी पास म्हणून सही केली. मी धावत गाळ्यात गेले आणि काकांना सांगितलं. काकांनी पंख्याचा वेग एकने वाढवला. “म्हणजे सिमेंटाक पालवी फुटली म्हणायची,” म्हणाले. मी त्यांना तिथल्या तिथे सांगितलं, “काका, सिमेंट तेच आहे. तुम्ही भिंत समजत होतात, तो रस्ता निघाला.” हे वाक्य मला आयत्या वेळी सुचलं याचा मला अजून अभिमान आहे.

पण खरी परीक्षा दिवाळीनंतरच्या सोमवारी होती. मंगलताईंनी मला बोलावलं होतं, “पहिल्या दिवशी नुसत्या बाजूला बसा, ताई.” गेले. सुमेधची खुर्ची मागे बसवली होती. त्याच्या शेजारी काठी घेऊन दिलीप. माझा मागच्या सीटचा नियम मला आठवला, पण ती गाडी माझी नव्हती. किल्ली मात्र दिलीपच्या मुठीत होती. गाडीत बसल्यावर ती त्यांनी डाव्या हाताने पुढे केली. मंगलताईंनी घेतली.

आम्ही निघालो. वरळी नाका बरा पार पडला. दिलीप मागून एकदा “च्च” करणार असं मला वाटलं, पण त्यांनी तोंड मिटून ठेवलं होतं. पुलाला लागलो आणि वर सगळं तुंबलेलं. गाडी नेमकी चढाच्या मध्यावर थांबली. मागे बस. आरशात बसचा चेहराच दिसत होता, बाकी काही नाही. पुढचे हलायला लागले. माझा पाय खाली दाबला गेला. जोरात. पण व्हॅनमध्ये डावीकडे पेडलं कुठली? मी नुसती मॅट दाबत होते. आणि मागून ठक असा आवाज आला. दिलीपसुद्धा चांगल्या पायाने पत्रा दाबत होते. दोन जुने ड्रायव्हर, दोघांच्याही पायाखाली काही नाही. मंगलताई बदलतील का, हीच मला इतके महिने चिंता होती. आता कळलं की बदलणं आम्हाला दोघांना जास्त जड जात होतं.

मंगलताईंनी रस्त्यावरची नजर काढली नाही. त्याच हळू आवाजात म्हणाल्या, “ताई, पाय वर घ्या.”

मी चपला काढल्या आणि मांडी घातली.

मग त्यांनी आरशात बघितलं. “तुम्ही पण. पाय मागे घ्या.”

मागचा आवाज बंद झाला. गाडीचं नाक किंचित उठलं. बसवाल्याने हॉर्न दिला. मंगलताईंनी घाई केली नाही. ब्रेक सुटला आणि व्हॅन बोटभरही मागे न जाता चढ चढायला लागली.

पूल उतरल्यावर भाजीची टोपली घेतलेली एक म्हातारी रस्ता ओलांडत होती. मंगलताईंचा पाय लांबूनच सैल झाला. म्हातारी आपल्या चालीने गेली. तिच्या मागून आम्ही गेलो.

सुमेध म्हणाला, “आई, दिलास ना शेवटी रस्ता तिला?”

“दिला,” त्या म्हणाल्या. “थांबले का?”

ऑफिसच्या दाराशी गाडी लागली. वॉचमनने फळी टाकली. खुर्ची उतरली, सुमेधने हाताने चाकं फिरवली आणि मागे वळूनही न बघता आत गेला. उशीर झाला होता त्याला. दिलीप काचेतून तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले. मग आपल्या बायकोला म्हणाले, “संध्याकाळी सिग्नलच्या बाजूने ये. पुलावर तेव्हा जास्त असतं.” तिला वाट सांगावी असं त्यांना वाटलं होतं, म्हणजे ती येणार हे त्यांनी गृहीत धरलं होतं.

मला मात्र उतरता येईना. इतका वेळ मांडी घालून दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या. दार उघडून तशीच बसून राहिले. मंगलताई गाडीला वळसा घालून आल्या, माझ्या चपला माझ्यासमोर नीट जोडून ठेवल्या आणि हात पुढे करून म्हणाल्या, “या ताई. सावकाश. काही घाई नाही.”